दोन लाखांच्या सीड मनीत नागली आणि हिमोग्लोबिन: काय मागावं, काय मागू नये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या एका महाविद्यालयात तुम्ही अन्न व पोषण हा विषय शिकवता. कॉलेजने शिक्षकांकडून सीड मनीसाठी, म्हणजे संशोधनाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या छोट्या अनुदानासाठी, प्रस्ताव मागवलेत. कमाल २ लाख रुपये, मुदत एक वर्ष. तुम्हाला पेठ तालुक्यातल्या १०० किशोरवयीन मुली घ्यायच्यात. निम्म्यांना ४ महिने रोज नागलीचा, म्हणजे नाचणीचा, पदार्थ द्यायचा आणि हिमोग्लोबिन वाढतं का ते बघायचं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पैसे पुरतील का, काय लिहिलं म्हणजे समिती मंजूर करेल, आणि एक कंपनी नागलीचं पीठ फुकट द्यायला तयार आहे तर ते घ्यावं का. अर्जाची मुदत महिनाअखेर आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

पैसे पुरणार नाहीत. पण कॉलेजने उद्या १० लाख दिले तरी हा प्रस्ताव आहे तसा पाठवू नका, असंच मी सांगेन. तुमची खरी अडचण रकमेची नाहीच. मोठ्या अनुदानाने सोडवायचा प्रश्न तुम्ही सीड मनीच्या गळ्यात बांधताय. सीड मनी कशासाठी असते? पुढचा, मोठा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा जे आकडे तुमच्याकडे नसतील, ते मिळवण्यासाठी. ‘नागलीने हिमोग्लोबिन वाढतं का’ याचं उत्तर २ लाखांत मिळत नाही. त्या प्रश्नाचा अभ्यास नीट आखायला काय काय माहीत असावं लागतं, ते मात्र २ लाखांत चांगलं कळतं.

आधी तुमचं गृहीतक बघू, कारण समितीत पोषणाचं कळणारा एक जरी माणूस असला तर तो तिथेच बोट ठेवेल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम नागलीत लोह साधारण ४.६ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम साधारण ३६४ मिलिग्रॅम दिलंय. तुम्ही रोज ६० ग्रॅम पीठ देणार, म्हणजे लोह मिळालं पावणेतीन मिलिग्रॅम. १३ ते १५ वर्षांच्या मुलीसाठी त्याच संस्थेची २०२० ची शिफारस आहे दिवसाला ३० मिलिग्रॅम. तुमचा पदार्थ गरजेचा दहावा हिस्साही भरून काढत नाही. जे लोह आहे त्यातलंही थोडंच शरीरात शोषलं जातं, कारण नागलीत फायटेट आणि टॅनिन हे लोहाला अडवणारे दोन्ही घटक आहेत आणि भरपूर कॅल्शियम लोहाच्या आड येतं ते वेगळंच. याउलट कॅल्शियमचा हिशोब करा: ६० ग्रॅममध्ये जवळजवळ २२० मिलिग्रॅम, म्हणजे १,००० मिलिग्रॅमच्या शिफारशीचा पाचवा भाग. नागलीची ताकद कॅल्शियममध्ये आहे. २०२३ च्या भरडधान्य वर्षात तिच्या नावावर जे जे खपवलं गेलं, त्यात लोहाचा नंबर फार वरचा होता, म्हणून हे मुद्दाम सांगते.

याचा अर्थ तुमची कल्पना टाकाऊ आहे असा नाही. २०२१ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात भरडधान्यांच्या आहाराने हिमोग्लोबिन वाढल्याचा निष्कर्ष होता. तो तुम्ही वाचलाच असेल. पण असे आढावे वाचताना आतल्या अभ्यासांत कोणतं धान्य होतं, किती दिवस दिलं, मोड आणून दिलं की नुसतं दळून, हे सगळं सुटं करून बघा. मोड आणल्याने फायटेट कमी होतं. नागली भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून केलेलं सत्त्व आणि चक्कीवरून थेट आणलेलं पीठ हे संशोधनाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. तुमच्या प्रस्तावात नुसतं ‘नागलीचा पदार्थ’ असं लिहिलंय. लाडू, आंबील, भाकरी की सत्त्व, ते आधी ठरवा.

दुसरी गोष्ट याहून अवघड. पेठच्या शाळांत आणि आश्रमशाळांत किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायला हवी, असा सरकारी कार्यक्रमच आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. तुमचा पदार्थ आठवडाभरात देतो जेमतेम १९ मिलिग्रॅम. कुठल्या मुलीने गोळी खरंच गिळली, कुणी खिडकीतून बाहेर टाकली, हे माहीत नसेल तर हिमोग्लोबिन वाढलं तरी श्रेय कुणाला देणार? गोळी बंद करा असं तर कुठलीही एथिक्स कमिटी म्हणू देणार नाही, आणि देऊही नये. जंताच्या गोळीचंही तसंच. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहकही आढळतात, त्यामुळे रक्त कमी दिसलं म्हणजे लोहच कमी, असं धरून चालत नाही. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिनही बघा, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. फेरिटिन बघितलं की सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी तपासणी, बघावीच लागते, कारण अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर लोह कमी असूनही फेरिटिन वर दिसतं. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर भिस्त ठेवू नका. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या आकड्यांशी ते नीट जुळत नाही, आणि बोट दाबून थेंब काढला की आणखी गोंधळ होतो.

आता तुमचंच गणित मांडू. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन आणि सीआरपी मिळून घाऊक दराने एका मुलीमागे १,००० रुपये धरा. नाशिकच्या लॅबमध्ये घासाघीस करून थोडं खाली येईल, पण फार नाही. १०० मुली, आधी एकदा आणि नंतर एकदा, म्हणजे २ लाख झाले. नागली अजून विकत घ्यायचीय, गाडी अजून सावळ घाटही चढलेली नाही.

आणि एवढं करून १०० मुली तरी पुरतात का? समजा या मुलींमध्ये हिमोग्लोबिनचं प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, डेसिलिटरला १.३ ग्रॅम आहे. दोन गटांतला अर्ध्या ग्रॅमचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात १०६ मुली लागतात. ५०-५० घेतल्या तर साधारण पाऊण ग्रॅमपेक्षा लहान फरक तुमच्या हाती लागण्याची शक्यता कमी. रोज पावणेतीन मिलिग्रॅम लोहाने ४ महिन्यांत पाऊण ग्रॅम वाढेल अशी आशा मला तरी नाही. मग शेवटी अहवालात ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असं लिहाल, आणि तो फरक नव्हता की तुम्हाला दिसला नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. पोषणावरच्या लहान अभ्यासांची अशी कितीतरी बाडं कपाटांत पडून आहेत.

वर मी १.३ हा आकडा ‘समजा’ म्हणून घेतला, तो उगाच नाही. तो पेठच्या मुलींचा आकडा कुणाकडून तरी आणायला हवा. तो १.६ निघाला तर १०६ च्या जागी १६१ मुली लागतात. पाचातली एक मुलगी मधेच सुटणार असं धरलं तर एका गटात २०० च्या वर. मोठ्या प्रस्तावाचं अंदाजपत्रक या एका आकड्यावर दीडपट होऊ शकतं. हा आकडा मिळवायचा तर ४०-५० मुलींचं रक्त एकदाच तपासायचं, आणि तेवढं २ लाखांत सहज बसतं. फक्त एक सावधगिरी घ्या: ४० मुलींवरून काढलेलं १.३ हे प्रत्यक्षात १.१ पासून १.७ पर्यंत कुठेही असू शकतं. म्हणून पुढचा हिशोब वरच्या बाजूला झुकवून करा. मुली दोन-तीनच आश्रमशाळांमधून घेणार असाल तर एका शाळेतल्या मुली एकमेकींसारखंच खातात हेही लक्षात ठेवा. संख्या त्यामुळे आणखी वाढते. संख्याशास्त्राच्या माणसाला आत्ताच सोबत घ्या, अहवाल लिहिताना नको.

म्हणून तुमच्या सीड प्रस्तावात मी फक्त तीन उद्दिष्टं ठेवेन: पेठच्या मुली प्रत्यक्षात काय आणि किती खातात ते मोजायची विश्वासार्ह पद्धत बसवणं, त्यांच्या रक्तातले आकडे एकदा बघणं, आणि वर्षभर त्या हाताशी राहतात का ते तपासणं. नागली खाऊ घालण्याचा प्रयोग पुढच्या अनुदानासाठी ठेवा.

यातलं पहिलं लोक फार हलक्यात घेतात. ‘२४ तासांची आहार-स्मरण पद्धत वापरली’ एवढं एक वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं. मुलीला विचारलं, काल काय खाल्लंस, ती म्हणते दोन भाकरी, वरण आणि खुरासणीची चटणी. आता भाकरी केवढी? पुस्तकातली भाकरी तिथे चालत नाही. एका घरी नागलीची भाकरी तळहाताएवढी आणि जाड, शेजारच्या घरी ताटभर आणि पातळ. मी विद्यार्थिनींना शिकवते ते असं: सकाळी भाकरी थापायच्या आधी घरी पोचायचं. पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा. बाईने परातीत पीठ काढलं, भाकऱ्या झाल्या, की डबा पुन्हा ठेवायचा. फरकाला भाकऱ्यांच्या संख्येने भागलं की झालं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पाच किलोचा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. तवा लोखंडी आहे की मातीचं खापर, तेही लिहायचं, कारण लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरू शकतं. वरणाचं वेगळंच. सकाळचं घट्ट वरण संध्याकाळी पाणी घालून वाढवलेलं असतं, म्हणून ‘एक वाटी वरण’ याला काही अर्थ नाही. पातेल्यात कच्ची डाळ किती पडली, शिजून एकूण किती वाट्या झालं, तिच्या वाटणीला किती आलं, असा उलटा हिशोब करत यावं लागतं. त्यासाठी ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच जवळ ठेवा आणि मुलीला तिचंच ताट-वाटी आणायला सांगा. तेल महिन्याच्या पिशवीवरून घरात किती येतं ते विचारा, रोजचं विचारू नका. रोजचं तेल कुणालाच सांगता येत नाही.

एका मुलीचे निदान दोन दिवस घ्या, लागोपाठचे नकोत, आणि त्यातला एक आठवडेबाजारानंतरचा असू द्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ताटात सुकट असते, भाजी असते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळं अशा रानभाज्या येतात. या मोसमात विचारलं तर आहार बराच चौरस दिसतो आणि मार्चमध्ये त्याच घरी विचारलं तर भात, नागली आणि चटणी. यात खोटं कुणीच बोलत नाही. वर्षातून एकदाच मोजून ‘पेठच्या मुलींचा आहार असा आहे’ असं लिहिणं मात्र खोटं ठरेल.

यातूनच कॅलेंडरचा मुद्दा निघतो, आणि नाशिकमध्ये पोषणावर काम करणाऱ्याने तो सगळ्यात आधी बघावा. पेठ-सुरगाण्यात नागली आणि भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात येतो. त्याच सुमारास दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आटोपत आलेली असते, पुढे विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आणि मग काढणी. तिकडे मजुरीला टोळ्या निघतात. मोठ्या मुली कधी आईबापाबरोबर बागेवर जातात, कधी धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. एप्रिलमध्ये खरड छाटणीसाठी पुन्हा मागणी. आता सीड मनीचं वेळापत्रक यावर ठेवा. समितीची बैठक दिवाळीनंतर, मंजुरीचं पत्र जानेवारीत, पैसे खात्यात फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चपूर्वी निदान पहिल्या हप्त्याचा खर्च दाखवा अशी अकाउंट्सची घाई. म्हणजे पैसे हातात येतात तेव्हा मुली गावात नसतात. चार महिन्यांच्या प्रयोगातून किती जणी सुटतील याचा अंदाज कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. सीड प्रकल्पात दर महिन्याला फक्त एक फेरी मारून ‘ही मुलगी आज गावात आहे का, नसेल तर कुठे’ एवढं नोंदवत गेलात, तरी पुढच्या प्रस्तावात तुमच्याकडे असा तक्ता असेल की परीक्षक थांबून बघेल. हे काम स्वस्त आहे. गावातलीच बारावी झालेली किंवा बीए करणारी मुलगी मानधनावर घ्या. तिला बोली येते, घरं माहीत असतात, आणि आशाताई तिला ओळखतात.

मुली घरून घ्यायच्या की आश्रमशाळेतून, हे मात्र परिस्थितीवर आहे. आश्रमशाळेत ताट सगळ्यांचं सारखं, मुली हाताशी, मोजणं सोपं. पण तो आहार मेनूचा असतो, घरचा नसतो, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं थांबतं. घरून घेतल्या तर खरं चित्र मिळतं आणि बऱ्याच मुली हातून निसटतात. तुमचा पुढचा प्रयोग जिथे होणार असेल तिथलीच पाहणी आत्ता करा, एवढाच नियम. परवानग्याही त्यावरून ठरतात. आश्रमशाळा असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची लागते. पेठ नाशिक प्रकल्पात येतो, सुरगाणा कळवणमध्ये. म्हणजे दोन तालुके घेतले की दोन कार्यालयांत खेटे. सीडसाठी एकच तालुका ठेवा. अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्राची मदत घेणार असाल तर जिल्हा परिषदेत पत्र द्या.

एथिक्स कमिटीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, याची मला काळजी वाटली. अल्पवयीन मुलींचं रक्त काढायचं म्हणजे कमिटीच्या मंजुरीशिवाय एक थेंबही नाही. तुमच्या कॉलेजात कमिटी नसेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे करार करून जाता येतं. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, वैद्यकीय, आयुर्वेद, दंत अशी बरीच महाविद्यालयं आहेत, त्यामुळे दार शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते विचारून घ्या. पालकांची लेखी संमती आणि मुलीचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. संमतिपत्रक बोलता येईल अशा मराठीत लिहा आणि वाचून दाखवा. आणि ज्या मुलीचं हिमोग्लोबिन फार कमी निघेल तिचं काय करणार, हे प्रस्तावातच लिहा: कोणत्या आरोग्य केंद्रात पाठवणार, कोण सोबत जाणार. कमिटी हा प्रश्न हमखास विचारते, आणि विचारलाच पाहिजे. पुढच्या टप्प्यावर खाऊ घालण्याचा प्रयोग कराल तेव्हा पहिली मुलगी घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करावी लागेल. आत्ताच्या पाहणीला ती सक्ती नाही.

आता समिती. अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसलेय, आणि एक गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. कॉलेजच्या सीड मनी समितीत पोषणाचा माणूस बहुधा नसतो. प्राचार्य, आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक, कधी वाणिज्यचे, आणि बाहेरचा एखादा तज्ज्ञ. कॉलेज ही योजना चालवतं त्यामागे नॅकचं, म्हणजे कॉलेजांच्या सरकारी मूल्यांकनाचंही कारण असतं, शिक्षकांना संशोधनासाठी सीड मनी दिली का, असा निकषच त्यात आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यामुळे समितीला दोन गोष्टी हव्या असतात: वर्षाच्या शेवटी खर्चाचा हिशोब सुरळीत यावा, आणि दाखवण्याजोगं काहीतरी हाती यावं. तुमचा प्रस्ताव रसायनशास्त्राच्या सरांना पहिल्या पानावर कळला पाहिजे. कुपोषणावर दीड पान लिहू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, एवढं एक वाक्य पुरे. पुढच्या वाक्यात तुम्हाला काय माहीत नाही ते लिहा, आणि तिसऱ्यात ते कसं कळेल ते. मी स्वतः आधी उद्दिष्टांचं पान आणि अंदाजपत्रकाचं पान शेजारी शेजारी ठेवते. उद्दिष्टात फेरिटिन आहे आणि अंदाजपत्रकात लॅबचा खर्च १० हजार, असं दिसलं की बाकीचं वाचायची इच्छा राहत नाही.

तुमच्या २ लाखांची मांडणी मी साधारण अशी करेन. गावातल्या मुलीचं मानधन ६ महिने, १० हजारांप्रमाणे ६० हजार. ५० मुलींच्या एकदाच करायच्या तपासण्या, ५० हजार. प्रवास ३० हजार. घरात तयार झालेली भाकरी, आंबील, सत्त्व यांचे नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत लोह, कॅल्शियम आणि फायटेटसाठी, २५ हजार. काटे, मापाच्या वाट्या, छपाई यांना १५ हजार, आणि किरकोळ २० हजार. लॅपटॉप मागू नका. प्रिंटरही नको. सीड मनीत उपकरण मागितलं की समितीतला प्रत्येक जण तेवढ्याच ओळीवर चर्चा करतो. दर कोटेशनवरूनच लिहा, मी दिलेले आकडे तसेच उतरवू नका.

रक्ताच्या नमुन्यांची एक बारीक अडचण: पेठहून नाशिकला यायला घाटामुळे वेळ जातो. सीबीसीची नळी त्याच दिवशी थंड पेटीतून लॅबला पोचली पाहिजे, आणि फेरिटिनसाठी सीरम तिथेच वेगळं काढता आलं तर उत्तम. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सेंट्रिफ्यूज वापरू देतील का, ते आधीच विचारून ठेवा. रक्त काढणारा तंत्रज्ञ लॅबचाच असेल तर त्याचा भत्ता कुठल्या शीर्षात बसतो, तेही बघा.

पुढे कुठे जायचं हे प्रस्तावाच्या शेवटी चार ओळींत लिहा, कारण ‘या पैशातून पुढे काय’ हे सीड प्रस्तावात दिसलंच पाहिजे. आयसीएमआरचा एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संशोधकांना निधी देणारा, कार्यक्रम हा पोषणासाठी सरळ रस्ता आहे. सर्ब या केंद्राच्या विज्ञान अनुदान मंडळाचं काम आता २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेलंय. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही आहे. तुम्ही कायम पदावर नव्याने रुजू झाला असाल तर यूजीसीचं डॉ. डी. एस. कोठारी अनुदान बघा, त्यात १० लाखांपर्यंत मिळतात. प्रत्येकाच्या अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून संकेतस्थळावरची ताजी जाहिरातच प्रमाण माना. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) निधीच्या मागे लागण्यात मात्र वेळ घालवू नका. कंपन्यांना वाटपाचे फोटो आवडतात, पाहणीला पैसे क्वचितच मिळतात.

आधी पाहणी, मग प्रयोग, हा क्रम कमीपणाचा आहे असं वाटू देऊ नका. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यात कुणाला काही खाऊ घातलं नव्हतं, मोजलं होतं. हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळं आकाराने मोठी होती, असं त्या मोजण्यातून दिसलं. त्यानंतर मुंबईच्या वस्त्यांत पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ देऊन रीतसर प्रयोग झाला. मोजणं नीट झालं नसतं तर खाऊमध्ये काय घालायचं, हे कुणाला ठाऊक होतं?

कंपनीचं पीठ. आत्ता घेऊ नका, कारण वरच्या आराखड्यात पीठ वाटायचंच नाहीये. पुढच्या टप्प्यातही मी नाहीच म्हणेन, आणि त्याची दोन कारणं आहेत. बाजारातल्या तयार नागली पिठात बऱ्याचदा दुसरी धान्यं, दूध पावडर किंवा वरून घातलेलं लोह असतं. मग तुम्ही नागली तपासली की पाकीट? दुसरं कारण, निष्कर्ष कंपनीला सोयीचा निघाला तर तो पाकिटावर छापला जाईल आणि गैरसोयीचा निघाला तर तुम्हाला फोन यायला लागतील. १०० मुलींना रोज ६० ग्रॅमप्रमाणे ४ महिने द्यायचं तरी ७२० किलो नागली लागते. किलोला ५० रुपये धरले तर ३६ हजार. मोठ्या अनुदानात ही रक्कम काहीच नाही. पेठमधल्याच बचत गटाकडून एकाच वाणाची, एकाच हंगामाची नागली घ्या आणि प्रत्येक खेपेतला थोडा नमुना बाजूला ठेवा. तरीही कधी कंपनीकडून काही घ्यावंच लागलं, तर निष्कर्ष प्रसिद्ध करण्यावर कंपनीचा काही हक्क राहणार नाही असं आधी लेखी घ्या. मदतीचा उल्लेख एथिक्स कमिटीपुढे, संमतिपत्रकात आणि लेखात, तिन्हीकडे करा.

मुदत महिनाअखेर आहे, त्यामुळे या आठवड्यात लिहायला बसण्याआधी दोन लॅबची लेटरहेडवरची कोटेशनं मागवा, संख्याशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याला सहसंशोधक व्हायला विचारा, आणि एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून घ्या. प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी तेवढ्या दिवसांत हाती येणार नाही. अर्ज प्राचार्यांच्या सहीने आजच द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेऊन या. प्रस्तावाला ती पोच जोडली तरी समित्या सहसा चालवून घेतात, मंजुरीचं पत्र पहिला हप्ता उचलताना देता येतं.